राखेचा ढग आणि ९८ युरोंचं तिकीट

एका महिलेनं ११ फेब्रुवारी २०१० ला रायनएअरचं तिकीट काढलं. पोर्तुगालमधल्या फारोहून डब्लिनला जाणारं १७ एप्रिलचं उड्डाण, भाडं ९८ युरो. ते विमान उडालंच नाही. बाई डब्लिनला पोचल्या २४ एप्रिलला. मधल्या दिवसांत राहणं, जेवणखाण आणि जाणंयेणं यावर झालेला १,१२९ युरो ४१ सेंटचा खर्च त्यांनी कंपनीकडे मागितला, कंपनीनं नकार दिला आणि प्रकरण डब्लिनच्या न्यायालयात गेलं. तिथल्या न्यायाधीशांनी पाच प्रश्न काढून लक्झेंबर्गला, युरोपियन युनियनच्या न्यायालयाकडे पाठवले. सी-१२/११ या क्रमांकाच्या त्या प्रकरणाचा निकाल ३१ जानेवारी २०१३ ला लागला.

९८ युरोंच्या तिकिटावर १,१२९ युरोंचा दावा. हे दोन आकडे शेजारीशेजारी वाचले की मन आधी कंपनीच्या बाजूला झुकतं. माझं झुकलं होतं. तिकिटाच्या साडेअकरा पट पैसे कसले मागता? आणि तेही ज्वालामुखीचा उद्रेक झालेला असताना? म्हणूनच अडकलेल्या प्रवाशाचे हक्क समजून घ्यायला हे प्रकरण मला सगळ्यात कामाचं वाटतं. यात कंपनीची चूक शोधून सापडत नाही. विमान नादुरुस्त नव्हतं, जागांपेक्षा जास्त तिकिटं विकलेली नव्हती, वैमानिक संपावर नव्हते. तरीही कंपनी काही देणं लागते का, एवढाच प्रश्न उरतो.

आइसलँडमधल्या एयाफ्यात्लायोकूत्ल या ज्वालामुखीनं १४ एप्रिल २०१० ला स्फोटक रूप घेतलं आणि राखेचा ढग युरोपकडे सरकला. आयर्लंडची हवाई हद्द १५ एप्रिलला बंद झाली. ही राख चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. तिच्यात काचेचे बारीक कण असतात, ते जेट इंजिनाच्या उष्णतेनं वितळतात आणि आत चिकटून बसतात. १९८२ मध्ये जावा बेटाजवळ ब्रिटिश एअरवेजच्या एका जंबो जेटची चारही इंजिनं अशा राखेत बंद पडली होती. खाली येता येता ती पुन्हा सुरू झाली म्हणून माणसं वाचली. तेव्हा २०१० मध्ये उड्डाणं थांबवली हे चूक होतं, असं या खटल्यात कुणी म्हटलं नाही. १५ ते २२ एप्रिल या आठवड्यात युरोपात एक लाखाच्या आसपास उड्डाणं रद्द झाली आणि सुमारे एक कोटी प्रवाशांना त्याची झळ बसली. रायनएअरची आयर्लंड आणि मुख्य युरोप यांच्यातली विमानं २२ तारखेला सुरू झाली. पण मागे रांग एवढी साचली होती की या बाईंचा नंबर लागायला आणखी दोन दिवस गेले.

तीन देणी, आणि त्यांची होणारी सरमिसळ

युरोपियन युनियनचा संबंधित कायदा म्हणजे २००४ चा २६१ क्रमांकाचा विनियम. तो १७ फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. तो कुणाला लागू होतो हे आधी सांगतो, कारण यात अनेकांचा गैरसमज असतो. युनियनमधल्या विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला तो लागू होतो. कंपनी कुठलीही असो, पासपोर्ट कुठलाही असो. बाहेरून युनियनमध्ये येणाऱ्या उड्डाणाला मात्र, कंपनी युनियनमधली असेल तरच.

उड्डाण रद्द झालं की कंपनीवर तीन वेगवेगळी देणी येतात.

पहिलं, निवड. तिकिटाचे पैसे सात दिवसांत परत, किंवा शक्य तितक्या लवकर दुसऱ्या मार्गानं मुक्कामी पोचवणं, किंवा प्रवाशाच्या सोयीनं नंतरची तारीख. यातलं काय घ्यायचं ते प्रवासी ठरवतो, कंपनी नाही.

दुसरं, देखभाल. थांबायला लागणाऱ्या वेळेच्या प्रमाणात खाणंपिणं, रात्र काढावी लागली तर हॉटेल, विमानतळ ते हॉटेल ने-आण, आणि दोन फोन. कायद्याच्या मजकुरात फोनऐवजी टेलेक्स, फॅक्स किंवा ईमेलही चालेल असं लिहिलंय. २००४ साली टेलेक्स पाठवायला कोण निघालं होतं, हे तो मसुदा लिहिणाऱ्यांनाच ठाऊक.

तिसरं, भरपाई. अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरोंची ठरलेली रक्कम. फारो ते डब्लिन अंतर दीड हजार किलोमीटरच्या वर आणि साडेतीन हजारांच्या आत बसतं, म्हणजे इथे ४०० युरो.

आता कळीचा मुद्दा. कायद्याच्या पाचव्या कलमात एक सूट आहे: सगळे वाजवी उपाय करूनही टाळता आली नसती अशा ‘असाधारण परिस्थिती’मुळे उड्डाण रद्द झालं, हे कंपनीनं सिद्ध केलं तर तिला भरपाई द्यावी लागत नाही. ही सूट फक्त तिसऱ्या देण्यापुरती आहे. निवड आणि देखभाल यांना ती लागू नाही. मजकूर वाचला तर यात शंकेला जागा नाही. सूट देणारं वाक्य भरपाईच्या कलमाचाच क्रमांक घेतं, देखभालीच्या कलमाचा घेत नाही.

पण काउंटरवर ऐकू येतं ते असं: “हवामानामुळे रद्द झालंय, त्यामुळे कंपनीकडून काही मिळणार नाही.” वाक्याचा पहिला अर्धा खरा असतो, त्यामुळे दुसराही खराच वाटतो. रात्री अकरा वाजता, मूल कडेवर घेऊन रांगेत उभा असलेला माणूस त्यावर वाद घालत बसत नाही. तो बाहेर पडून मिळेल ते हॉटेल घेतो आणि खर्च नशिबाच्या खात्यावर टाकतो. भरपाई आणि देखभाल यांतला फरक माहीत नसणं हेच अशा वेळी प्रवाशाचं सगळ्यात मोठं नुकसान असतं. ४०० युरो बुडाले हे त्यामानानं किरकोळ.

या बाईंनी ४०० युरो मागितलेच नव्हते. त्यांचा दावा फक्त देखभालीचा होता.

असाधारणाच्याही पलीकडलं काही असतं का?

कंपनीच्या वकिलांना मजकुराची अडचण दिसत होती. म्हणून त्यांनी वेगळा मार्ग काढला. राखेचा ढग ही ‘असाधारण परिस्थिती’ नाहीच, असं ते म्हणाले. ती त्याच्याही पलीकडची, अतिअसाधारण परिस्थिती आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असलं काही नव्हतंच, म्हणून इथे भरपाईबरोबर देखभालीचंही बंधन गळून पडतं. युक्तिवाद म्हणून तो चतुर आहे हे मान्य करायला हवं. कायद्याच्या प्रस्तावनेत असाधारणाची उदाहरणं दिली आहेत: राजकीय अस्थिरता, उड्डाणाला प्रतिकूल हवामान, सुरक्षेचा धोका, संप. आठवडाभर अर्ध्या खंडाचं आकाश बंद होणं त्या यादीत कुठेच नाही.

न्यायालयानं तो स्वीकारला नाही. कायद्यात असा वेगळा वर्ग कुठेच नाही, आणि ‘असाधारण’ या शब्दाचा सरळ अर्थ घेतला तर नेहमीच्यापेक्षा वेगळं ते सगळं त्यात आलं. पण माझ्या मते निकालाचं खरं बळ पुढच्या कारणात आहे. अशी दोन खाती केली तर काय होईल? चार तास अडकलेल्याला खाणंपिणं मिळेल आणि सात दिवस अडकलेल्याला काहीच मिळणार नाही. संकट जितकं मोठं तितकी मदत कमी. देखभालीची गरज सर्वांत जास्त त्यालाच असते, जो कित्येक दिवस हलू शकत नाही. कायद्याचा हेतू उच्च दर्जाचं संरक्षण देण्याचा असताना त्याचा असा उलटा अर्थ लावता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं.

दुसरा मुद्दा मर्यादेचा. बरं, देखभाल द्यायची. पण किती दिवस, आणि किती पैशांपर्यंत? तिकिटाच्या किमतीशी तिचा काही संबंध नको का? न्यायालयाचं उत्तर: कायद्यात दिवसांची मर्यादा नाही, पैशांचीही नाही, आणि आम्ही ती घालणार नाही. मर्यादा घातली तर ती संपल्यावर प्रवासी पुन्हा वाऱ्यावर.

मग कंपनीनं समतोलाचा मुद्दा काढला. हा बोजा प्रमाणाबाहेर आहे. बस, रेल्वे आणि जहाज कंपन्यांवर असं बंधन नाही, मग आमच्यावरच का? व्यवसायाचं स्वातंत्र्य आणि मालमत्तेचा हक्क युनियनच्या मूलभूत हक्कांच्या सनदेत आहेत, त्यांचं काय? न्यायालयानं हे एकेक करून बाजूला सारलं. वाहतुकीचे निरनिराळे प्रकार एकमेकांशी तुलना करण्यासारखे नाहीत. सनदेत ग्राहकसंरक्षणाचीही तरतूद आहे, आणि ते साधताना काही कंपन्यांना मोठा आर्थिक फटका बसला तरी तो समर्थनीय ठरू शकतो. शिवाय अनुभवी विमान कंपनीनं असे खर्च गृहीत धरायला हवेत, आणि ती ते तिकिटाच्या दरात वसूल करू शकते.

हे शेवटचं वाक्य प्रवाशांच्या बाजूच्या अनेकांना आवडत नाही. म्हणजे शेवटी पैसे आम्हीच भरायचे! हो, तसंच आहे. आणि रायनएअरनं निकालाची वाटही पाहिली नव्हती: एप्रिल २०११ पासून तिनं प्रत्येक तिकिटावर अशा खर्चांसाठी २ युरोंचा आकार लावला होता. त्या काळात कंपनीचे प्रवासी वर्षाला सात कोटींच्या वर होते. गुणाकार करून पाहा. माझा सुरुवातीचा झुकाव बदलला तो या दोन युरोंमुळे. ९८ विरुद्ध १,१२९ ही तुलनाच फसवी होती. एका तिकिटाच्या पैशांतून एका प्रवाशाचा आठवडा काढायचा, असं कुणी म्हणतच नव्हतं. सात कोटींच्या दोन-दोन युरोंतून अडकलेल्यांचा खर्च निघतो. प्रवाशाला असा गुणाकार करता येत नाही. तो एकटा असतो आणि त्याच्याकडे एकच क्रेडिट कार्ड असतं.

कंपनीच्या बाजूनं एवढं मात्र म्हणायला हवं: आकाश बंद करण्याचा निर्णय सरकारी यंत्रणांचा होता आणि त्याचं बिल खासगी कंपन्यांच्या दारात आलं. कायद्याच्या तेराव्या कलमात कंपनीला तिसऱ्या पक्षाकडून वसुली करण्याचा हक्क राखून ठेवलाय. पण ज्वालामुखीवर दावा कुठे लावणार?

‘वाजवी’ म्हणजे किती

इथवर वाचून एखाद्याला वाटेल की अडकलं की मजाच. तसं नाही. निकालातली सगळ्यात व्यवहारी ओळ कंपनीच्या बाजूची आहे. कंपनीनं देखभाल दिली नाही तर प्रवासी खर्च मागू शकतो. पण फक्त तेवढाच, जेवढा तिची उणीव भरून काढायला आवश्यक, योग्य आणि वाजवी होता. तो आकडा ठरवायचा स्थानिक न्यायालयानं. म्हणून १,१२९ युरो ४१ सेंटचं काय करायचं, हा हिशेब पुन्हा डब्लिनला गेला.

सात रात्रींनी भागलं तर दिवसाला १६१ युरोंच्या आसपास येतात. हॉटेल, तीन वेळचं खाणं आणि जाणंयेणं धरून हा आकडा मला डोळे विस्फारण्यासारखा वाटत नाही. पण सरासरीवर काही ठरत नाही. एकेक पावती बघितली जाते. हाताशी धरण्यासारखी कसोटी अशी: कंपनीनं आपलं काम नीट केलं असतं तर तिनं हा खर्च केला असता का? विमानतळाजवळचं साधं नीटनेटकं हॉटेल, हो. त्याच गावातली समुद्रासमोरची महागडी खोली, दुसरीकडे जागा होती तर नाही. बाकी सगळं भरलेलं होतं आणि तेवढीच खोली उरली होती, तर मग हो. पण ते दाखवता आलं पाहिजे, म्हणून ‘खोल्या शिल्लक नाहीत’ असा स्क्रीनशॉट त्याच रात्री काढून ठेवावा. जेवण, हो. जेवणाबरोबरच्या वाइनची बाटली कंपन्या सहसा कापतात, आणि त्यावर भांडण्यात अर्थ नाही. हॉटेल ते विमानतळ टॅक्सी, हो. अडकलोच आहोत तर किनारा बघू म्हणून घेतलेली भाड्याची गाडी, नाही.

बुडालेला पगार, हुकलेलं लग्न, पुढच्या हॉटेलचं वाया गेलेलं आरक्षण, हे देखभालीत येत नाही. त्यासाठी १९९९ चा माँट्रियल करार आहे. त्याच्या १९ व्या कलमाखाली उशिरामुळे झालेलं प्रत्यक्ष नुकसान मागता येतं, पण तिथे कंपनीनं नुकसान टाळण्यासाठी शक्य ते सगळे वाजवी उपाय केले असं सिद्ध केलं की ती सुटते. राखेच्या ढगापुढे तो दरवाजा जवळपास बंदच.

पावत्यांइतकंच महत्त्व आहे ‘मागितलं होतं’ या पुराव्याला. काउंटर बंद असेल तर त्याचा फोटो, कंपनीच्या ॲपवर किंवा ईमेलवर दोन ओळी: अमुक क्रमांकाचं उड्डाण रद्द झालंय, हॉटेल आणि जेवणाची सोय करा, नाही केलीत तर मी करतो आणि खर्च तुमच्याकडून घेतो. उत्तर आलं नाही तरी चालेल. चौदाव्या कलमानुसार उड्डाण रद्द झाल्यावर प्रवाशाला त्याच्या हक्कांची लेखी माहिती देणं कंपनीवर बंधनकारक आहे. ती दिली नसेल तर तेही लिहून ठेवावं. हक्क सोडून दिल्याच्या कागदावर घाईत सही झाली असेल तर घाबरू नये. पंधराव्या कलमानुसार असा करार प्रवाशावर बंधनकारक नसतो.

परताव्याचं बटण

आता एक सापळा. या बाई त्यातून वाचल्या, कारण त्या पर्यायी विमानाची वाट पाहत राहिल्या.

१७ एप्रिललाच त्यांनी ९८ युरो परत घेतले असते तर काय झालं असतं? प्रवासाचा करार तिथेच संपला असता, आणि त्याबरोबर देखभालीचा हक्कही. पुढचे सात दिवस सर्वस्वी त्यांच्या खर्चानं. कायद्याचा अर्थ असाच लावला जातो: परतावा घेतलात की नाळ तुटली. रद्द झाल्याच्या निरोपात परताव्याचा पर्याय सगळ्यात ठळक असेल आणि एका टिचकीत पैसे परत मिळत असतील, तर ती टिचकी कंपनीसाठी किती स्वस्त आहे याचा विचार बोट टेकवण्याआधी करावा. घरच्या गावी असाल आणि जायचंच रद्द करायचं असेल तर जरूर घ्या. परक्या गावात अडकले असाल तर ‘दुसऱ्या मार्गानं पोचवा’ हेच मागा.

त्या आठवड्यात कितीतरी लोक रेल्वे, बस आणि जहाजानं घरी गेले. असा पर्याय कंपनीनं स्वतः द्यावा अशी अपेक्षा आहे. प्रवाशाला निवडच न देता तिनं परस्पर पैसे परत केले, तर त्यानं स्वतः काढलेल्या तिकिटाच्या फरकाची जबाबदारी तिच्यावर येऊ शकते, असं युरोपियन आयोगाच्या, म्हणजे युनियनच्या कार्यकारी संस्थेच्या, मार्गदर्शक सूचना सांगतात. पण इथे पुराव्याची बाजू अवघड असते. शक्य असेल तर आधी लेखी मागणी, मगच तिकीट.

तक्रारीचा मार्ग थोडक्यात. आधी कंपनी. मग घटना जिथे घडली त्या देशाची नेमलेली यंत्रणा. ती कंपनीवर कारवाई करू शकते, पण प्रत्येकाचे पैसे वसूल करून देणं तिच्यावर बंधनकारक असेलच असं नाही. मग न्यायालय. २००९ च्या एअर बाल्टिक प्रकरणापासून, भरपाईचा दावा निघण्याच्या किंवा पोचण्याच्या, यांपैकी कुठल्याही ठिकाणी लावता येतो. मुदत त्या त्या देशाच्या कायद्याप्रमाणे असते, तेव्हा फार रेंगाळू नये.

एक गोष्ट राहिली. राखेचा ढग विरत असतानाच रायनएअरच्या प्रमुखांनी आधी जाहीर केलं होतं की कंपनी तिकिटाच्या किमतीपेक्षा जास्त काही देणार नाही, आणि लगेचच माघार घेऊन वाजवी, पावतीसह खर्च देऊ असं सांगितलं होतं. तरीही हा दावा लक्झेंबर्गपर्यंत गेला. जाहीर घोषणा आणि दावा विभागातून येणारं उत्तर यांत अंतर असू शकतं. म्हणून घोषणेचं कात्रणही पावत्यांच्या पाकिटात ठेवावं.

निकालानंतर दीड महिन्यानं, मार्च २०१३ मध्ये, युरोपियन आयोगानं कायदा बदलण्याचा प्रस्ताव मांडला. असाधारण परिस्थितीत हॉटेलचा खर्च जास्तीत जास्त तीन रात्री आणि रात्रीला १०० युरो, अशी मर्यादा त्यात होती. अपंग प्रवासी, गरोदर स्त्रिया आणि एकटी मुलं यांना ती लागू होणार नव्हती. प्रस्ताव पुढे अनेक वर्षं सरकारांच्या चर्चेत पडून राहिला. तो २०१० मध्येच कायदा असता, तर फारोहून निघालेल्या या प्रवासी महिलेला मुक्कामाचे जास्तीत जास्त ३०० युरो मिळाले असते, आणि २० एप्रिलच्या रात्रीपासून, रायनएअरची विमानं सुरू व्हायला अजून दोन दिवस असताना, खोलीचं भाडं त्यांचं त्यांना भरावं लागलं असतं.